ग्रेप आणि शब्दकोडं : एका घरात एक अक्षर (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२४, रविवार

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रविवारचं शब्दकोडं मी तिला वाचून दाखवतो. ती उत्तर सांगते, मी पेन्सिलने घरं भरतो. आज आडवे ११ : 'दुकानाचा दररोजचा जमाखर्च', चार घरं. उभ्या शब्दांमुळे पहिली दोन घरं 'रो' आणि 'ज' अशी आधीच भरली होती. मला 'रोजमेळ' सुचलं. आई थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "रोजमेळ नाही, शेवटी र्द येतोय बघ. रोजकीर्द लिही. र्द एकाच घरात." तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, कीर्द-खतावणी तिने लहानपणी पाहिलेली.

इंग्रजी कोड्यांसाठी मी ग्रेप हे मजकुरात शोध घेणारं साधन बरीच वर्षं वापरतो. लिनक्सवर शब्दांची एक साधी फाइल मिळते, एका ओळीत एक शब्द. रिकाम्या घराच्या जागी टिंब द्यायचं, कळलेलं अक्षर जसंच्या तसं लिहायचं, ग्रेप जुळणारे शब्द काढून देतं. मराठीत हे कधी करून पाहिलं नव्हतं. आता करायचं. आजचंच 'रोज' आणि पुढे दोन घरं, हा माझा तपासणीचा नमुना. 'रोजकीर्द' सापडल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही.

यादी जमवली : वर्तनी तपासणाऱ्या एका मुक्त शब्दकोशाची फाइल, आणि मराठी विकिपीडियाचा डंप (सगळ्या लेखांचा एकत्र मजकूर) उतरवून त्यातले शब्द सुटे केले.

३ जून, सोमवार

पहिला प्रयत्न, इंग्रजीच्या सवयीने (^ म्हणजे ओळीची सुरुवात, $ म्हणजे शेवट) :

^रोज..$

आले ते 'रोजचा', 'रोजची', 'रोजचे'. रोजगार नाही, रोजमेळ नाही, रोजकीर्द तर नाहीच.

कारण लगेच दिसलं. टिंब म्हणजे युनिकोडचं (लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचं) एक चिन्ह. 'चा' दिसायला एक अक्षर, पण साठवताना दोन चिन्हं : च आणि काना. म्हणून दोन टिंबांत फक्त 'चा' मावला. 'रोज'नंतर 'मेळ'ला तीन टिंबं लागतात, 'निशी'ला चार, 'कीर्द'ला पाच. तिघांनाही कोड्यात मात्र दोनच घरं.

वहीत मांडून पाहिलं. 'करवत' : चार चिन्हं, चार घरं. 'बाबा' : चार चिन्हं, दोन घरं. 'स्त्री' : सहा चिन्हं, एक घर. 'महाराष्ट्र' : दहा चिन्हं, चार घरं. म्हणजे चिन्हं मोजून घरांचा अंदाजही बांधता येत नाही.

५ जून, बुधवार

ऑफिसच्या सर्व्हरवर तोच नमुना चालवला तर एकही ओळ आली नाही. तिथे लोकेल (मजकूर कोणत्या भाषेचा धरून वाचायचा ती मांडणी) 'सी' होतं. त्या लोकेलमध्ये टिंब म्हणजे एक बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड चिन्हं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं, त्यामुळे दोन टिंबांत एक अख्खं चिन्हसुद्धा बसत नाही. 'महाराष्ट्र' तिथे ३० टिंबांचा शब्द आहे.

या निमित्ताने ग्रेपचा इतिहास पुन्हा चाळला. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी ते लिहिलं, १९७३ च्या सुमारास. नाव आलं 'एड' या संपादकाच्या आज्ञेवरून : जी म्हणजे सगळीकडे, आरई म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधाचा नमुना), पी म्हणजे छापा. त्यांचे सहकारी ली मॅकमॅहन यांना फेडरलिस्ट पेपर्स या अठराव्या शतकातल्या ८५ निबंधांच्या मजकुरात शोध घ्यायचा होता, आणि एवढा मजकूर 'एड'च्या पोटात मावत नव्हता. म्हणून शोधाचा भाग वेगळा काढला. इंग्रजी मजकूर, एक अक्षर एक बाइट. टिंबाचा तो अर्थ तिथे बरोबरच होता.

मला भावलं ते हे की, पुढे १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासोबत यूटीएफ-८ ची रचना केली तीही याच थॉम्प्सन यांनी. माझ्या पडद्यावर मराठी ज्या बाइटांतून येते ते बाइट आणि तिच्यात शोधणारं साधन, दोन्हींमागे एकच माणूस. बाइटांची चिन्हं कशी करायची याचं उत्तर तिथे मिळतं. चिन्हांचं अक्षर करणं मात्र उरलं आहे, आणि मराठी कोड्याला नेमकं तेच लागतं.

८ जून, शनिवार

ग्रेपला पी पर्याय दिला की ते पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या धाटणीचे नमुने घेतं, आणि त्यात उलट्या तिरक्या रेघेनंतर मोठा एक्स लिहिला की 'वाचकाला एक वाटेल असा गुच्छ' असा अर्थ होतो. याच्यावर माझी मोठी भिस्त होती.

'रोज'नंतर असे दोन गुच्छ मागितले. रोजगार आला, रोजमेळ आला, रोजनिशी आली. 'रोजच्या' हा शब्दही आला, जो तीनच घरांचा आहे. रोजकीर्द नाही.

म्हणजे काना-मात्रा-वेलांटी तो धरतो, जोडाक्षर धरत नाही. हलन्तापाशी तो गुच्छ तोडतो : 'कीर्द'चे की, र्, द असे तीन तुकडे आणि 'च्या'चे च्, या असे दोन. युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून आली. तिच्यात जोडाक्षराला स्वतःचा क्रमांक नाही, व्यंजन-हलन्त-व्यंजन अशी साखळी असते. गुच्छ मोजण्याचा जुना नियम ही साखळी मध्येच सोडत असे. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये नियम सुधारला, देवनागरीतली अशी साखळी आता एकच गुच्छ धरायची. माझ्या यंत्रावरचं ग्रेप अजून जुन्या नियमाने चालतं.

आईला विचारलं, "जोडाक्षराला एकच घर हे कुणी ठरवलं?" तिला प्रश्नच विचित्र वाटला. "अक्षर एक आहे ना? मग घर एक." शाळेत बाराखडी म्हणताना, पाटीवर लिहिताना, कवितेच्या मात्रा मोजताना आपण हेच एकक धरलं. मशीनने ते धरावं ही अपेक्षा मला अजिबात जास्त वाटत नाही.

९ जून, रविवार

अक्षराची व्याख्या स्वतःच लिहिली. व्याकरणाच्या पुस्तकात जे सांगतात तेच, फक्त नमुन्याच्या भाषेत : हलन्त लावलेली कितीही व्यंजनं, मग एक पूर्ण व्यंजन, त्याला हवी तर एक मात्रा. किंवा नुसता स्वर. आणि दोन्हींच्या डोक्यावर किंवा पुढे हवं तर चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग.

(([क-ह]्)*[क-ह][ा-ौ]?|[अ-औ])[ँ-ः]?

क ते ह ही श्रेणी युनिकोडमध्ये ०९१५ ते ०९३९. ळ (०९३३) तिच्या आतच येतो, ल आणि व यांच्या मधे. वर्णमालेत तो ह-नंतर म्हणायची सवय असल्यामुळे मी आधी तो वेगळा लिहिला होता, गरज नव्हती. क्ष आणि ज्ञ हे साखळीतून आपोआप येतात.

श्रेणीबाबत एक सावधगिरी. ग्रेपचं मॅन्युअल सांगतं की 'सी'खेरीज इतर लोकेलमध्ये अशा चौकटी कंसातल्या श्रेणीचा क्रम निश्चित नाही. म्हणून हा नमुना पर्लकडून चालवायचा, तिथे तो चिन्हांच्या क्रमांकावरच चालतो. फाइल यूटीएफ-८ आहे हे पर्लला वेगळं सांगावं लागतं, ते विसरलं की पुन्हा बाइटांचा घोळ.

आता युक्ती. दर वेळी एवढा लांब नमुना लिहिण्यापेक्षा यादीच एकदा फोडून ठेवायची. प्रत्येक अक्षराच्या मधे एक खूण. आधी उभी रेघ वापरली, पण नमुन्यांत तिचा अर्थ 'किंवा' होतो. मग दंड (।) वापरला. आजच्या मराठी गद्यात दंड येत नाही, अभंग-ओव्यांत येतो, आणि यादी करताना तो गाळलेलाच होता. दंड शब्दाच्या दोन्ही टोकांनाही दिला :

।रो।ज।की।र्द।
।म।हा।रा।ष्ट्र।
।स्त्री।

टोकांना दंड दिल्याचा फायदा लगेच दिसला. 'ता' शोधताना 'रस्ता' येत नाही, कारण तिथे घरात 'स्ता' आहे आणि '।ता।' तिच्यात बसत नाही. आता रिकामं घर म्हणजे 'दंड सोडून काहीही, एक किंवा जास्त' :

^।रो।ज।[^।]+।[^।]+।$

रोजगार, रोजनिशी, रोजमेळ, रोजकीर्द. 'रोजच्या' गेला. 'रोजंदारी' आला नाही तेही बरोबर, कारण तिथे दुसऱ्या घरात 'जं' आहे, 'ज' नाही.

चौथ्या घरात र्द घातला. एकच ओळ उरली. आईला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "हे मी गेल्या रविवारीच सांगितलं होतं." हो, पण मी आठवडाभर याच ओळीची वाट पाहत होतो.

छोटी स्क्रिप्ट लिहिली, नाव 'कोडं'. अक्षरं सुटी लिहायची, रिकाम्या घराला शून्य : कोडं रो ज ० ०. प्रश्नचिन्ह किंवा तारा घेतला नाही, कारण शेल (टाइप केलेल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम) त्यांचा स्वतःचा अर्थ लावतं.

१५ जून, शनिवार

आज उलट बाजूने तपासणी. माझ्या अक्षराच्या व्याख्येत जो शब्द पूर्ण बसत नाही तो काढून दाखव, असं ग्रेपला सांगितलं. व्ही पर्यायाने न जुळणाऱ्या ओळी मिळतात. जुळलेल्यापेक्षा न जुळलेलं वाचण्यात जास्त शिकायला मिळतं, हा माझा जुना अनुभव आहे, तो आज पुन्हा आला.

पहिला मोठा गठ्ठा 'ॲ'चा. ॲसिड, ॲप, ॲनिमिया. स्वरांची माझी श्रेणी ०९०५ ते ०९१४. मराठीचा ॲ बसला आहे तिच्याबाहेर, ०९७२ वर, कारण तो युनिकोडमध्ये उशिरा आला, २००८ च्या ५.१ आवृत्तीत. तोवर लोकांनी काम चालवलं : कुणी अ-वर चंद्र देऊन दोन चिन्हांचा अॅ केला, कुणी ए-वर चंद्र असलेला ऍ वापरला. यादीत एकच आम्ल तीन वर्तन्यांत होतं. तिन्हींचा ॲ केला आणि तो श्रेणीत जोडला.

दुसरा गठ्ठा दऱ्याखोऱ्यांचा. याच्यावर अख्खी संध्याकाळ गेली, आणि ती सत्कारणी लागली.

'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा आडवा र. हा भेद हिंदीत नाही, त्यामुळे हिंदी डेटा हाताळणाऱ्या साधनांना तो ठाऊक नसतो. संगणकात हा आडवा र लिहायच्या दोन रीती प्रचलित आहेत. एक, ऱ (०९३१) आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. शोधताना दोन वेगळे शब्द. शिवाय कुठे कुठे तो ऱ स्वतःच फुटलेला होता, र आणि खाली वेगळा नुक्ता (टिंब).

मी आधी नेहमीच्या सवयीने सगळी न दिसणारी चिन्हं एका झटक्यात पुसली. त्याने दुसऱ्या रीतीने लिहिलेली प्रत्येक 'दऱ्या' 'दर्या' झाली, 'ऱ्हास'चा र रफार होऊन ह-वर गेला. मग नुक्ते पुसताना (मराठीत छापत नाहीत म्हणून) फुटलेला ऱही साधा र झाला. सगळं परत मूळ फाइलपासून केलं.

योग्य क्रम, पुढच्या वेळेसाठी : आधी एनएफसी सामान्यीकरण (फुटलेली चिन्हं जोडून एकच ठरावीक रूप करणं), त्याने र आणि नुक्ता जोडून ऱ होतो. मग र-हलन्त-जॉइनर या त्रिकुटाचा ऱ-हलन्त करायचा. त्यानंतरच उरलेले जॉइनर आणि नुक्ते काढायचे. क्रम बदलला की समुद्र आणि दऱ्या एक होतात, आणि ते यादीकडे नुसतं पाहून कळतही नाही.

आता कोडं द ऱ्या आणि कोडं द र्या वेगवेगळी उत्तरं देतात.

२१ जून, शुक्रवार

यादीत विभक्तीची रूपं फार. पुण्याला, पुण्यात, पुण्याने, पुण्याहून, पुण्यासाठी. विकिपीडियाचा मजकूर चालता-बोलता आहे, त्यात शब्द प्रत्यय लावूनच येणार. कोड्यात उत्तरं बहुधा मूळ रूपात असतात.

शेवटी 'ला' आहे म्हणून शब्द उडवला तर कला, शिला, बंगला सगळे जातील. म्हणून नियम असा : प्रत्यय काढल्यावर उरणारा भाग आणखी निदान दोन वेगळ्या प्रत्ययांसह यादीत असेल, तरच ते विभक्तीचं रूप धरायचं. 'पुण्या' सगळ्यांसह सापडतो, 'बंग' सापडत नाही. 'किल्ला' तर मुळात वाचतोच, कारण फोडलेल्या यादीत त्याचं शेवटचं घर 'ल्ला' आहे.

एक चूक निघाली : 'माला', 'माने', 'मात' हे तिघे मिळून 'मा'ची रूपं ठरले आणि माला उडाली. उरणारा भाग किमान दोन अक्षरांचा असावा ही अट घातली. अजून थोडा कचरा आहे, चालेल.

२३ जून, रविवार

आज पहिल्यांदा कोडं आणि स्क्रिप्ट शेजारी शेजारी. दुसऱ्याच शब्दाला मी उत्तर वाचून दाखवलं आणि आई रागावली. "उत्तर सांगू नकोस. मग मी काय करू?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "किती शब्द बसतात तेवढं सांग. आकडा सांग."

मला हे सुचलंच नव्हतं. ग्रेपला सी पर्याय दिला की ओळींऐवजी फक्त मोजणी मिळते. आकडा मोठा असेल तर ती तो शब्द सोडून आधी आडवे-उभे छेद भरते. तीन-चार असेल तर डोळे मिटून बसते आणि बहुतेक वेळा काढते. दर नव्या अक्षराबरोबर पुन्हा विचारते, "आता किती?"

आकडा उतरत जाताना पाहणं मलाही आवडलं. कोणतं घर भरल्याने सर्वांत जास्त शब्द गळतात ते त्यातून दिसतं. र, का, ना असली घरं फारसं काही सांगत नाहीत. एखादा ष्ट्र, ज्ञा किंवा ऱ्हा मिळाला की यादी एकदम ओसरते. इंग्रजी कोड्यात सव्वीसच अक्षरं फिरत असतात, आपल्याकडे प्रत्येक घरात मात्रेसकट, जोडासकट अक्षर बसतं, त्यामुळे एक छेद पुष्कळ काही सांगून जातो.

स्क्रिप्ट आता न सांगता फक्त आकडा देते. शब्द हवे असतील तर वेगळं मागावं लागतं.

३० जून, रविवार

यादी वाढवावी म्हणून मराठी विकिस्रोतातली जुनी पुस्तकं घेतली. शब्द सुंदर, पण वर्तनी जुनी : नांव, पांच, कांहीं, करणें. अनुस्वार घराच्या आतच असतो, म्हणून 'पांच' आणि 'पाच' यांचं पहिलं घर वेगळं ठरतं आणि छेद जुळत नाही.

साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी हे उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. पण मशीनने सरसकट काढावेत तर 'आंबा' आणि 'कांदा' यांचे अनुस्वार उच्चारले जातात, ते जायला नकोत. नियम उच्चाराचा आहे, आणि फाइलीत उच्चार नाही. मी दोन्ही रूपं ठेवली : मूळ, आणि अनुस्वार काढलेलं रूप नव्या यादीत आधीपासून असेल तर तेही. त्याने पांचचा पाच झाला, कांद्याचा 'कादा' झाला नाही.

शेवटची वेलांटी सोपी निघाली. जुन्या छपाईत कवि, गति, गुरु. आज कवी, गती, गुरू. शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व असेल तर दीर्घ कर, फक्त आणि, नि, परंतु, तथापि असल्या अव्ययांना हात लावू नकोस. 'कविराज'मधला वि मधे आहे, तो सुरक्षित राहतो.

७ जुलै, रविवार

भाची आली होती, त्यामुळे कोड्याऐवजी तिचे खेळ. शाळेत 'शब्दातून शब्द' दिलं होतं : तारामंडळ.

^।((ता|रा|मं|ड|ळ)।)+$

तारा, मंडळ, ताड, ताळ, राळ. एकच अक्षर दोनदा वापरणारे शब्द हाताने वगळले.

मग तिला 'चिमा काय कामाची' उलटसुलट वाचून दाखवलं. चि, मा, का, य, का, मा, ची. शेवटी ती दीर्घ 'ची'वर अडली, पहिला 'चि' तर ऱ्हस्व आहे. बरोबर पकडलं तिने. 'रामाला भाला मारा' मात्र दोन्हीकडून अगदी तंतोतंत.

यादीत असे शब्द शोधू म्हटलं. मजकूर उलटा करणारी जी तयार आज्ञा आहे ती चिन्हं उलटवते, त्यामुळे मात्रा आपल्या व्यंजनाला सोडून शेजाऱ्याला चिकटते. चिन्हांच्या हिशेबाने खरे सापडले ते नयन, कनक, सरस, कडक असे बिनमात्रेचेच शब्द. दंडाने फोडलेल्या यादीत पहिल्या घरात आलं तेच शेवटच्या घरात पुन्हा माग, असा नमुना दिला तेव्हा जहाज आला, समास आला, नवीन, कणिक, कालिका. मध्यम आला, ज्याच्या मधल्या घरात ध्य आहे. आणि पाच घरांत नवजीवन : न, व, जी, व, न. भाचीने तो वहीत लिहून घेतला आणि वही उलटी धरून पाहिली.

१४ जुलै, रविवार

बुधवारी आषाढी, म्हणून सगळं कोडं वारीचं. रिंगण, गोपीचंदन, बुक्का आईने न थांबता सांगितले.

उभे ६ : 'दिंडीत हा एकच', चार घरं, शेवटी 'क' आणि 'री'. आकडा बराच मोठा आला. वारकरी, टाळकरी, शेतकरी, गावकरी, मानकरी, मराठीत करी कमी नाहीत. आडव्या विठोबामुळे पहिल्या घरात 'वि' आला. पुन्हा विचारलं.

शून्य.

आई म्हणाली, "शून्य कसं? विणेकरी. टाळकरी पुष्कळ असतात, विणेकरी दिंडीत एकच."

यादीत तपासलं तर शब्द आहे, पण 'वीणेकरी' असा, वीणेच्या दीर्घ वी-सकट. दोन्ही लिहिलं जातं. आईने तेव्हा सांगितलं की कोड्यात वेलांटीची एवढी सक्ती कधी नसतेच, आडव्यात वि आणि उभ्यात वी असेल तर सोडवणारा समजून घेतो. हा नियम कुठे छापलेला नाही, वर्षानुवर्षं कोडी सोडवून हातात बसलेला आहे.

फोडलेल्या यादीची दुसरी प्रत केली. तिच्यात सगळ्या ऱ्हस्व इ-उ दीर्घ, मात्रा आणि स्वर दोन्ही. विचारलेला नमुनाही तसाच बदलून घ्यायचा. नाव दिलं 'सैल'. नेमक्या यादीत शून्य आलं की स्क्रिप्ट आपण होऊन सैल यादीत पाहते आणि आकड्यापुढे 'सैल' लिहिते. कोडं वि ० क री : सैल १.

२१ जुलै, रविवार

सकाळपासून पाऊस. आडवे ९ : 'छपराच्या कडेवरून गळणारी धार', तीन घरं, पुढची दोन 'गो' आणि 'ळी'.

"किती?"

"एक."

एवढ्या दिवसांत एक आला की ती खूश होते, कारण मग उत्तर पक्कं. आज तिने विचारलं, "कोणता?" आपण होऊन कधी विचारत नाही.

"रांगोळी."

"रांगोळी छपरावरून गळते?" ती म्हणाली. "पागोळी लिही. आपल्या जुन्या घराच्या ओट्यावर बसून पाय पुढे केले की पागोळ्या पायावर पडायच्या. तुझ्या यादीत पागोळी नाही?"

नव्हती. वर्तनी तपासणाऱ्या फाइलीत नाही, विकिपीडियातून काढलेल्यात नाही, घेतलेल्या जुन्या पुस्तकांतही नाही. कौलारू घरं कमी झाली, स्लॅबच्या घराला पागोळी नसते, आणि विश्वकोशातल्या लेखांत ती कशाला येईल. गेला महिनाभर मी तिला जो आकडा सांगत होतो तो मराठीत किती शब्द बसतात याचा नव्हता, माझ्या फाइलीत किती बसतात याचा होता. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग फाइलीत घाल."

एक नवी फाइल उघडली, नाव 'आई'. तिने सांगायचं, मी टाइप करायचं. पागोळी. वळचण. फडताळ. देवळी. कणगी. बळद. उतरंड. शिंकाळं. प्रत्येक शब्द आधी यादीत शोधला. वळचण होता, उतरंड होता. बाकीच्यांतले काही नव्हते, ते जोडले. जेवायची वेळ टळून गेली तरी ती सांगत होती. प्रत्येकाबरोबर तो घरात कुठे असायचा, कशाचा असायचा, हेही. ते मी शब्दासमोर त्याच ओळीत लिहून ठेवलं आहे. स्क्रिप्ट पहिला शब्द घेते, पुढचं सोडून देते, त्यामुळे अडचण नाही.

यादी पुन्हा फोडली.

कोडं ० गो ळी : २